'पायथन येतं' म्हणजे 'प्रोग्रामिंग येतं' नव्हे

सीईटीचा निकाल लागून इंजिनिअरिंग प्रवेशाचे कॅप राउंड सुरू झाले की मला फोन येऊ लागतात. "कॉम्प्युटरला मिळतंय. कॉलेज सुरू व्हायला अजून वेळ आहे, तोवर कुठली लँग्वेज करून घेऊ? सी, जावा की पायथन?" मी विचारतो, "प्रोग्रामिंग केलंय कधी?" उत्तर ठरलेलं: "हो, बारावीला बायफोकलला सी++ होतं. 200 पैकी 188 आहेत." प्रश्न प्रोग्रामिंगचा, उत्तर लँग्वेजचं, आणि गल्लत झाली हे फोन करणाऱ्याच्या गावीही नसतं.

लँग्वेज येणं म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊकच आहे. सेमीकोलन कुठे, लूप कसा लिहायचा, फंक्शनला व्हॅल्यू कशी द्यायची. रोज दोन तास बसलं तर महिन्याभरात कामापुरतं येतं. कुठली भाषा जुनी, कुठली नवी हा वाद तर सोडूनच द्या. सी 1972 च्या सुमाराची, बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी केलेली. पायथन 1991 ची, जावा 1995 ची. "सी आता कोण वापरतं?" म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, की आपण एरवी वापरतो तो पायथन स्वतःच सीमध्ये लिहिलेला आहे.

खरी अडचण पुढे आहे. मोडी वाचता आली म्हणून जुन्या कागदातला वतनाचा तंटा कळतोच असं नाही, तसंच इथे.

मी प्रॅक्टिकलच्या ओरलला बसतो. एकदा एका मुलानं आर्मस्ट्राँग नंबरचा प्रोग्राम न बघता, न अडखळता टाइप केला. आकड्यात जितके अंक, तितकावा घात प्रत्येक अंकाचा घेऊन बेरीज केली आणि तोच आकडा परत आला, तर तो आर्मस्ट्राँग. 153 दिलं, बरोबर उत्तर आलं: 1, 5 आणि 3 यांच्या घनांची बेरीज 153. मी म्हटलं, आता 1634 दे. 'नॉट आर्मस्ट्राँग'. खरं तर आहे. अंक चार, म्हणून प्रत्येकाचा चौथा घात घ्यायचा: 1 + 1296 + 81 + 256. तो म्हणाला, "सर, प्रोग्राम बरोबर आहे, जर्नलमध्ये चेक झालाय." एकही एरर नव्हती, म्हणजे भाषा चोख होती. घन का घेतला, हे मात्र त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानंही स्वतःला विचारलं नव्हतं.

म्हणून फोनवर मी एक कोडं घालतो. कागद-पेन घ्या, कॉम्प्युटर नको. पाच मुलांचे मार्क: 78, 91, 64, 91, 85. दुसऱ्या क्रमांकाचे मार्क काढा.

पायथन येणारा हसतो. सॉर्ट करायचं, म्हणजे चढत्या क्रमानं लावायचं, शेवटून दुसरा आकडा उचलायचा, दोन ओळींचं काम. उत्तर येतं 91. पण 91 तर पहिल्या क्रमांकाचे मार्क आहेत, दोघांना पडलेत एवढंच. मग 'दुसरा' म्हणजे 91 की 85? हे ठरवायला कुठलीच लँग्वेज मदतीला येत नाही. विचारणाऱ्यालाच विचारावं लागतं, आणि प्रोग्रामिंग तिथून सुरू होतं. कुणी म्हणेल, सेटमध्ये टाका, डुप्लिकेट जातील. जातील की! पण टाकायची गरज आहे हे आधी सुचायला हवं होतं.

समजा 85 हवेत असं ठरलं. आता सॉर्ट न करता, यादीवरून एकदाच हात फिरवून काढा. दोन खण धरा, 'पहिला' आणि 'दुसरा', दोन्हींत सध्या शून्य. 78 आले, 'पहिला' 78 झाला. मग 91 आले. ते मोठे, म्हणून 'पहिला' 91 करायचा. पण त्याआधी जुने 78 'दुसरा'मध्ये सरकवायला हवेत. क्रम चुकवून आधी 91 लिहिले तर 78 कायमचे गेले आणि दोन्ही खणांत 91 बसले. शाळेतलं 'बरोबर'चं चिन्ह दोन बाजू सारख्या आहेत असं सांगतं. प्रोग्राममधलं तेच चिन्ह उजवीकडचं उचलून डावीकडे ठेवतं आणि तिथलं जुनं पुसतं. निम्मी पोरं इथेच घसरतात.

पुढे 64: 'दुसरा'मधल्या 78 पेक्षाही लहान, सोडा. परत 91. 'पहिला'पेक्षा मोठे नाहीत, 'दुसरा'पेक्षा आहेत. नुसतं "दुसऱ्यापेक्षा मोठे असतील तर" अशी अट घातली असेल, तर इथे 91 गुपचूप 'दुसरा'त शिरतात. अटीत "आणि पहिल्यापेक्षा लहान" हवं. शेवटी 85 आले, 'दुसरा' 85 झाला. उत्तर मिळालं.

आता हाच प्रोग्राम द्रासच्या जानेवारीतल्या रात्रीच्या तापमानांना लावा. सगळे आकडे शून्याखाली, त्यामुळे एकही खण हलत नाही आणि उत्तर येतं शून्य, जे यादीत कुठेच नाही. सुरुवातीला शून्य ठेवणं मार्कांना चाललं, इथे फसलं.

या सगळ्यात सेमीकोलन एकदाही आला नाही. प्रोग्राम असा कागदावर एकेक पायरीनं चालवून बघणं, यालाच ड्राय रन म्हणतात, आणि कॉलेजात याच्यावर सगळ्यात कमी वेळ जातो.

तरी भाषा कुठली? माझं मत पक्कं आहे: एकच. पहिल्या वर्षाचा सिलॅबस बघा. पुणे विद्यापीठाच्या 2019 च्या पॅटर्नमध्ये प्रोग्रामिंगचा विषय पायथनमध्ये होता, आणि नावच होतं 'प्रोग्रामिंग अँड प्रॉब्लेम सॉल्व्हिंग'. नावातला दुसरा अर्धा भाग कुणी वाचत नसे. तुमच्याकडे सी असेल तर सी करा, नाहीतर पायथन. पहिली भाषा म्हणून जावा मला अजिबात पसंत नाही: एक ओळ छापायला क्लास, पब्लिक, स्टॅटिक, व्हॉइड, आणि प्रत्येकावर "हे पुढे कळेल". 'चार लँग्वेज 45 दिवसांत' अशा पाट्यांच्या वाटेला तर जाऊच नका.

आणि सी करायचीच तर टर्बो सी++ चा तो निळा पडदा नको, कृपा करा. त्यातला इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा खण, 16 बिटांचा, 32767 च्या पुढे जात नाही. 8 चं फॅक्टोरियल, म्हणजे 1 ते 8 चा गुणाकार, 40320 यायला हवं, तिथे उणे 25216 येतं आणि पोरं स्वतःचं लॉजिक तपासत बसतात. जीसीसी हा सीचा कंपायलर फुकट आहे, तो घ्या.

शाखा कॉम्प्युटर, आयटी की एआय-डीएस (आर्टिफिशियल इंटेलिजन्स-डेटा सायन्स), हा प्रश्न इथे गैरलागू. पहिलं वर्ष बहुतेक ठिकाणी जवळपास सारखंच असतं.

मागच्या वर्षी हे कोडं मी सोसायटीतल्या एका मुलीला घातलं होतं. तिनं सी नुकतीच सुरू केली होती. संध्याकाळी 85 काढून आली, पण जाताना जिन्यात थांबली आणि म्हणाली, "काका, पाचही जणांना सारखेच मार्क पडले असतील तर काय छापायचं?"