फोरॅमिनिफेरा म्हणजे पिल्लू गोगलगाय नव्हे

पुण्याच्या पायाखाली बेसॉल्ट, त्यात सागरी जीवाश्म कुठून मिळणार? म्हणून कॉलेजांत कोकणातल्या किनाऱ्यावरची वाळू येते आणि पहिल्याच वेटोळ्या कणापुढे वहीत नोंद पडते: ‘लहान गोगलगाय’. बहुतेकदा तो अमोनिया (वायू नव्हे, याच नावाचा सागरी सूक्ष्मजीव) असतो, म्हणजे फोरॅमिनिफेरा, थोडक्यात फोरॅम. अख्खा जीव एका पेशीचा.

गोगलगायीबद्दल जास्त सांगायला नको. तिचा शंख म्हणजे टोकाला उघडी असलेली एकच सलग नळी. फोरॅमच्या कवचात आडव्या भिंती असतात. वाढताना तो पुढे नवा कप्पा बांधतो आणि आधीचे तोंड दोन कप्प्यांमधले भोक बनते. त्या भोकांतून तीच एक पेशी सगळीकडे पसरलेली असते. कप्पे अनेक म्हणून पेशी अनेक, हे कृपया लिहू नका. या कप्प्यांमुळेच फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ दॉर्बिन्यी यांनी 1826 मध्ये फोरॅमना माकूळ-ऑक्टोपसांच्या गटात बसवले होते. हे एकपेशीय जीव आहेत हे 1835 मध्ये फ्रेंच जीवशास्त्रज्ञ द्युजार्दँ यांनी दाखवले.

वाळू 63 मायक्रॉनच्या चाळणीत नळाखाली धुवा, वाळवा, 125 मायक्रॉनच्या वरचा भाग काळ्या ट्रेवर पसरा. कण ओल्या, बारीक 000 नंबरच्या ब्रशने उचला आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडा. भिंत पारदर्शक होते. वेटोळ्याच्या कडेने जाणारी एकच खाच दिसली तर शंख. तिच्या जोडीला प्रत्येक वेढ्याला आडव्या कापणाऱ्या खाचा दिसल्या तर फोरॅम. फसगत होते ती इथेच, कारण काही शंखांवर आडवे कंगोरे असतात आणि ते हुबेहूब कप्प्यांसारखे दिसतात. शंका आली की एक कण खर्ची घाला. बाहेरचा वेढा सुईने हलकेच फोडा. आत भिंत आणि तिच्यात बारीक भोक असेल तर वाद संपला.

ॲसिडचा थेंब टाकून निकाल देणे तर बंदच करा. दोन्ही कवचे कॅल्शियम कार्बोनेटची, दोन्ही फसफसणार, आणि नमुना हातचा जाणार. आकारही निरुपयोगी: कच्छमधले नुम्युलाइट, म्हणजे जीवाश्म फोरॅम, नाण्याएवढे भरतात आणि तेही एकपेशीयच. वेढा डावा की उजवा, हेही सोडा. अमोनियात दोन्ही सापडतात.

ओला नमुना फॉर्मलीनमध्ये ठेवू नका. ते हळूहळू आम्ल होते, कवच झिजते, खाचा पुसट होतात आणि मग कप्पे मोजताच येत नाहीत. 70 टक्के अल्कोहोल वापरा.