एकाच धुक्याचे दोन हात: मोने आणि व्हिस्लर

निळसर धुकं, संथ पाणी, पुसटशी होडी आणि त्यात कुठेतरी केशरी-सोनेरी ठिणगी. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं 'इम्प्रेशन, सूर्योदय' आणि लंडनमध्ये राहणारा अमेरिकी चित्रकार जेम्स व्हिस्लरचं 'नॉक्टर्न: निळा आणि सोनेरी, जुना बॅटर्सी पूल' शेजारी ठेवलं, की दोन्हींना दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट, म्हणजे क्षणाचा प्रकाश नजरेला जाणवला तसा टिपणारी) म्हणण्याचा मोह होतो. काळही जवळपास तोच, 1872 च्या आसपासचा. पण भाव जुळला म्हणून हात जुळतोच असं नाही.

मोनेने फ्रान्समधल्या ल हाव्हर बंदरातली सकाळ खिडकीतून बघत रंगवली. पातळ रंग भरभर पसरलेला, त्यावर पाण्याचे सुटे फटकारे, आणि सूर्य नि त्याचं प्रतिबिंब मात्र दाट केशरी रंगात. या चित्राचा फोटो मोबाइलवर कृष्णधवल करून पाहा: सूर्य जवळजवळ नाहीसा होतो! त्याचा उजळपणा भोवतालच्या आकाशाइतकाच आहे, फरक फक्त रंगाचा. उजळपणा आणि रंग यांची दखल आपला मेंदू वेगवेगळी घेतो, म्हणून तो सूर्य एका जागी ठरत नाही, थरथरतो. 'मूड', 'मूड' म्हणतो तो इथे थेट रंगाच्या निवडीतून आला आहे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा चित्र पुन्हा पहिल्यापासून बघावं लागलं.

व्हिस्लरची रीत अगदी उलटी. रात्री लंडनच्या थेम्स नदीकाठी उभं राहून बघायचं, मग पाठ फिरवून काय पाहिलं ते सोबत्याला तोंडपाठ सांगायचं, आणि रंगवायचं नंतर, स्टुडिओत. रंग इतका पातळ की तो त्याला 'सॉस' म्हणे. ओघळू नये म्हणून कॅनव्हास आडवा ठेवावा लागे. पूलही त्याने खऱ्यापेक्षा उंच केला, जपानी मुद्राचित्रांसारखा. म्हणजे ही रात्र आठवून, गाळून, रचलेली आहे.

गोंधळ झाला तर पाण्याकडे बघा. मोनेच्या पाण्यातले फटकारे मोजता येतात. व्हिस्लरच्या पाण्यात एक थर दुसऱ्यात विरलेला असतो. नावंही बोलकी आहेत. हे काही ल हाव्हरचं दृश्य म्हणून खपणार नाही, असं वाटून मोनेने कॅटलॉगसाठी 'इम्प्रेशन' सुचवलं. व्हिस्लरने 'नॉक्टर्न' हा संगीतातला शब्द उचलला, रात्रीच्या भावाची रचना या अर्थाचा. 1874 च्या पॅरिसमधल्या दृक्प्रत्ययवाद्यांच्या पहिल्या प्रदर्शनाचं आमंत्रण चित्रकार देगाने व्हिस्लरलाही दिलं होतं. तो गेला नाही.