बॅटरीच्या झोतात कोणाला काय दिसतं?

थंडीत रात्रपाळीची वीज आली की खान्देशातला शेतकरी हरभऱ्याला पाणी भरायला निघतो. कपाळाला बॅटरी, खांद्यावर फावडं, मागे कुत्रं. झोत बांधावरून फिरत असताना मध्येच कुठेतरी एक लालसर ठिपका पेटतो. एकच, दोन नाही. जाणता माणूस तेवढ्यावरून ओळखतो की ससा आहे. कुत्रं मात्र तिकडे बघतही नाही. मालक ‘तठे देख, तठे!’ म्हणून ओरडतो, तसं ते आणखी जोरात शेपूट हलवत मालकाच्याच तोंडाकडे बघतं. कुत्रं लहान असेल तर हे हमखास होतं, आणि बहुतेक वेळा त्याच्या नावावर ‘येडं आहे’ असा शेरा बसतो.

शेरा चुकीचा आहे. कुत्रं जिथे उभं असतं तिथून त्याला तो ठिपका दिसतच नाही.

डोळा चमकतो म्हणजे बॅटरीचा उजेड बाहुलीतून आत जातो, डोळ्याच्या मागच्या भिंतीवर आपटतो आणि आला त्याच वाटेने परत फिरतो. महामार्गावरच्या पाटीवरची अक्षरं गाडीच्या दिव्यात झळकतात पण रस्त्याकडेला उभ्या माणसाला मळकट दिसतात, तसाच हा प्रकार. परतीचा उजेड बारीक शंकूसारखा, थेट दिव्याकडेच येतो. म्हणून ज्याचा डोळा दिव्याला लागून आहे त्यालाच चमक पुरती दिसते. बॅटरी कपाळावर असेल तर ससा लगेच सापडतो. तीच कमरेपाशी धरली तर त्याच बांधावर काहीच दिसत नाही. आता कुत्र्याचा डोळा मालकाच्या कपाळापासून हात-दोन हात खाली. ३० मीटरवरच्या सशाकडून पाहिलं तर या दोन डोळ्यांत जेमतेम दोन अंशांचा कोन होतो, पण तेवढ्याने चमक झपाट्याने मंदावते. ससा जितका जवळ, तितका हा कोन मोठा, म्हणजे कुत्र्याची पंचाईत जवळून जास्तच.

दुसरी अडचण रंगाची. सशाचा डोळा लाल चमकतो, कारण त्याच्या दृष्टिपटलामागे, म्हणजे डोळ्यातल्या उजेड टिपणाऱ्या पडद्यामागे, आरसा नाही. गाय, नीलगाय, कोल्हा, मांजर, बिबट्या, कुत्रं यांच्या दृष्टिपटलामागे टॅपेटम लुसिडम नावाचा परावर्तक थर असतो. दृष्टिपटलातून निसटलेला उजेड तो पुन्हा आत ढकलतो, म्हणजे एकाच उजेडाचा दोनदा उपयोग. या प्राण्यांचे डोळे हिरवे, पिवळे, निळसर असे भक्क चमकतात ते त्यामुळे. ससा, डुक्कर आणि माणूस यांना ही सोय नाही. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत माणसाचे डोळे लाल येतात, तीच डोळ्यामागच्या रक्तवाहिन्यांची लाली सशाच्या डोळ्यातून दिसते. आणि कुत्र्याला नेमका लाल रंगच नीट कळत नाही. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या, कुत्र्याच्या डोळ्यात दोनच: एक निळ्या-जांभळ्यासाठी, एक पिवळ्या-हिरव्यासाठी. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या नाइट्झ, गाइस्ट आणि जेकब्स यांनी कुत्र्यांना रंगीत उजेडाच्या चौकटींतून निवड करायला शिकवून हे दाखवून दिलं. लाल त्यांना मळकट, अंधारा दिसतो.

जाता जाता डुकराचं सांगून टाकतो, कारण शेतात त्याचाच त्रास जास्त. त्याच्या डोळ्याला आरसा नाही, डोळा बारीक, मान खाली घातलेली. बॅटरीच्या भरवशावर रानडुकराची राखण करू नये. तिथे आपले आणि कुत्र्याचे कान जास्त उपयोगी. उलट पायाजवळच्या गवतात हिरवट-निळ्या टाचणीच्या टोकाएवढ्या ठिणग्या दिसल्या तर घाबरायचं कारण नाही. ते जमिनीवर धावून शिकार करणारे कोळी. त्यांच्याही डोळ्यांत आरसा असतो.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. ससा बसलेला आहे, हलत नाही. कुत्र्याची बारीक नजर आपल्यापेक्षा बरीच कमी. आपल्याला स्वच्छ दिसणारं कितीतरी त्याला धूसर दिसतं. पण हालचाल टिपण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. पोलिसांच्या कुत्र्यांवर झालेल्या एका जुन्या प्रयोगात हलती वस्तू त्यांना ८०० मीटरहून लांबून ओळखता आली, तीच स्थिर असताना ६०० मीटरच्या आत यावी लागली. ढेकळांच्या रंगाचा, कान पाठीवर चिकटवून बसलेला ससा त्याच्या दृष्टीने ढेकूळच. कान फडकला की मात्र ते ताठ होतं.

म्हणजे एका झोतात माणूस चमक बघतो आणि कुत्रं हालचाल बघतं. लहान कुत्र्याचं रात्रीचं सगळं शिक्षण हे या दोन नजरा जुळवण्याचं काम आहे.

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये हे शिक्षण सशांवर देतात. रात्री बॅटरीच्या झोतात सशांवर कुत्रं सोडायची तिथे जुनी रीत आहे. तिथला तो ससा बिळात राहणारा. त्याची पिल्लं जन्मतः उघडी आणि डोळे मिटलेली. रात्री तो बिळापासून लांब चरायला जातो, त्याला परतायच्या आत गाठायचं, एवढाच तो खेळ. अंधारी, वाऱ्याची रात्र निवडतात, म्हणजे पावलांचा आवाज झाकला जातो. इंग्लंड-वेल्सच्या २००४ च्या शिकारबंदी कायद्याने जमीनमालकाच्या परवानगीने हे चालू दिलं आहे, पण बिळात न राहणाऱ्या मोठ्या रानसशाला त्यातून वगळलं आहे.

सातपुड्याच्या पायथ्यापासून गिरणेपर्यंत आपल्याला दिसतो तो या दुसऱ्या कुळीचा. तो बीळ करत नाही. गवतात अंगाच्या मापाचा खळगा करून बसतो आणि त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. त्याच्यावर कुत्रं घालणं आपल्याकडे सरळ गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. पकडणं, मागे लागणं, फासा लावणं, हाकणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, सगळं त्यात येतं. ‘मारला नाही, नुसता पळवला’ ही सबब चालत नाही. माझं मत विचाराल तर कायदा नसता तरी मी कोणाला हे शिकवलं नसतं. दोन-अडीच किलोचा जीव, हरभऱ्याचे चार शेंडे खाल्ले म्हणून त्याच्यामागे रात्र घालवण्यात अर्थ नाही. पण झोतामागे बघणारं, मालकाच्या खुणेवर थांबणारं कुत्रं राखणीला लागतंच. त्यामुळे तिकडच्या अनुभवातलं विज्ञान तेवढं उचलण्यासारखं आहे.

आता सशाकडे येऊ. झोत पडल्यावर तो पळत का नाही? त्याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही खरी. एक, न हलणं हीच त्याची पहिली ढाल. शत्रूने पाहिलेलं नाही असं वाटतं तोवर सपाट बसून राहायचं, आणि अगदी अंगावर आल्यावर उसळी मारायची. दोन, त्याला काहीच दिसत नाही.

यातलं दुसरं समजायला जर्मनीतल्या हायडेलबर्गला जावं लागतं. १८७६ मध्ये फ्रान्झ बोल याने बेडकाच्या दृष्टिपटलातला तांबूस रंग उजेडात उडून जातो असं पाहिलं. पाठोपाठ हायडेलबर्गमध्ये विल्हेल्म क्यूने याने त्या रंगाचा पिच्छा पुरवला. त्याने एक पांढरा ससा घेतला, डोळे अंधाराला सरावावेत म्हणून डोकं झाकून ठेवलं, मग गज असलेल्या खिडकीसमोर काही मिनिटं धरलं. ससा मारून दृष्टिपटल तुरटीच्या पाण्यात घातलं, तर त्यावर खिडकी उमटलेली: उजेड पडला तिथे रंग उडालेला, गजांच्या सावलीत रंग शिल्लक. हा प्रयोग आज कोणी करू देणार नाही, पण त्यातून निघालेली गोष्ट पक्की आहे. अंधारात बघणाऱ्या दंडपेशींमध्ये ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं, उजेडात ते फिकं पडतं आणि पुन्हा तयार व्हायला वेळ घेतं. माणसाला पुरतं अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो. सशाचा डोळा मोठा, दंडपेशींनी भरलेला, चांदण्यात चरण्यासाठी घडलेला. त्यावर आजची एलईडी पडली की सगळ्या दंडपेशी एकदम फुल्ल. या पेशी निळ्या-हिरव्या उजेडाला सर्वांत हळव्या, आणि पांढऱ्या एलईडीत निळा भाग भरपूर. पिवळसर जुनी बॅटरी त्या मानाने सौम्य.

डोळे दोन्ही बाजूंना असल्याने सशाला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं. आपल्याला ठिपका एकच दिसतो तोही त्यामुळेच. दुसरा डोळा पलीकडे असतो. पण चहूबाजूंच्या या नजरेला झोतात काही उपयोग उरत नाही. दिवा कुठे आहे ते कळतं, धोका कुठे आहे ते कळत नाही, आणि पळायचं तर कुठे हा प्रश्न राहतो.

हेच कुत्र्याच्या बाबतीतही होतं, आणि इथे माणसं निष्काळजीपणा करतात. कुत्रं झोतात जोरात धावत असताना मालकाने बॅटरी विझवली की काही क्षण ते खरोखर आंधळं असतं. आरसा असूनही. कारण आरसा उजेड वाढवतो, उडालेला रंग परत आणत नाही. आपल्या रानात कठडा नसलेल्या विहिरी आहेत, तारेची कुंपणं आहेत, पऱ्हाटी काढल्यावर जमिनीत राहिलेले टोकदार खुंट आहेत. धावत्या कुत्र्यावरचा उजेड कधी एकदम तोडू नये. आधी थांबवायचं, मग विझवायचं. आणि ते परत येत असताना झोत त्याच्या डोळ्यांवर न धरता त्याच्या पुढच्या जमिनीवर धरायचा.

वयाचं गणितही डोळ्यापासूनच सुरू होतं. पिल्लाचा आरसा जन्मतः तयार नसतो. सुमारे चार महिन्यांत तो पुरा होतो. लहान पिल्लाच्या डोळ्यांवर बॅटरी मारली तर मोठ्या कुत्र्यासारखी हिरवी-पिवळी चमक येत नाही, निळसर-जांभळी झाक दिसते. शिवाय मोठ्या चणीच्या कुत्र्याच्या लांब हाडांची टोकं वर्ष-सव्वा वर्ष, कधी दीड वर्ष कूर्चेचीच असतात. नांगरटीत रात्री भरधाव पळवलं तर सांधे कायमचे बिघडू शकतात. तेव्हा पहिलं वर्ष शिकवायचं, पळवायचं नाही.

शिकवायचं काय, तर झोताच्या दिशेने बघायला. सुतळीला चिंधी बांधून घरच्या कोणीतरी ती अंगणात ओढायची, आपण त्या हलत्या चिंधीवर झोत ठेवायचा. कुत्र्याची मान मालकाकडून झोताकडे वळली, की त्याच क्षणी शाबासकी आणि भाकरीचा तुकडा. ‘त्याच क्षणी’ यात सगळं आलं. चार-पाच सेकंदांनी दिलेलं बक्षीस कुत्रं त्या वेळी जे करत असेल त्याला जोडतं, मग ते मालकाच्या तोंडाकडे बघणं का असेना. बॅटरी नेहमी कुत्र्याच्या वरून, किंचित बाजूने धरावी. अगदी मागून धरली तर त्याला समोर स्वतःचीच लांबलचक सावली धावताना दिसते. लांब तोंडाच्या, कारवान जातीच्या वळणाच्या कुत्र्यांना हे जरा लवकर जमतं. २००४ मध्ये सिडनी विद्यापीठातल्या पॉल मॅकग्रीव्ही आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की लांब नाकाच्या कुत्र्यांत दृष्टिपटलाच्या चेतापेशी आडव्या पट्ट्यात दाटलेल्या असतात, म्हणजे क्षितिजावर आडवं काही हललं की ती चटकन टिपतात. गावठी कुत्रंही शिकतं, त्याच्यावर नाराज होऊ नये.

एक गोष्ट मात्र चुकूनही करू नये. रिकामा उजेडाचा ठिपका जमिनीवर नाचवून कुत्र्याला त्यामागे पळवायचं नाही. पोरं ते लेझरने फार करतात. पाठलागाच्या शेवटी तोंडात काहीच येत नाही, आणि काही कुत्र्यांना त्याचं वेडच लागतं. मग ती दिवसाही भिंतीवरच्या कवडशामागे धावत राहतात. झोताच्या टोकाला नेहमी खरी वस्तू हवी, आणि ती शेवटी त्याला मिळायला हवी.

थांबण्याचं शिक्षण शिट्टीवर द्यावं. वारा असला तरी शिट्टी पोचते, आणि कुत्र्याचे कान माणसापेक्षा दुपटीहून उंच स्वर ऐकतात. शिट्टी झाली की मालकाकडे, मग समोर ससा पळो की मांजर. एकदा पाठलागाची गोडी लागली की पळणं हेच कुत्र्याचं बक्षीस होतं आणि भाकरीला ते विचारत नाही. म्हणून शिट्टी आधी पक्की करायची, मोकळं सोडणं नंतर. नीलगाईंचा कळप असेल तर कुत्र्याने जागेवरून भुंकणं पुरतं, अंगावर जायची गरज नसते.

आणि झोतात दोन डोळे एका रेषेत, जमिनीपासून फार उंच नाहीत, पिवळट-हिरवे, आणि झोत हलला तरी तुमच्यावरच रोखलेले दिसले, तर भटकं मांजर म्हणून सोडून देऊ नये. गिरणाकाठच्या उसात बिबट्या असतो आणि कुत्रं हे त्याचं आवडतं खाणं. अशा वेळी शिट्टी मारून कुत्रं जवळ घ्यायचं, साखळी लावायची, झोत तसाच ठेवून मोठ्याने बोलत मागे सरायचं. पाणी उद्या भरता येतं.