गावचं घर बांधायचंय? आधी गावठाणाची हद्द बघा

गणपतीला गावी गेलं की पडवीत बसून ठरतं, यंदा जुनं घर उतरवून नवं बांधूया. मुंबईला परतल्यावर कोणीतरी ओळखीच्या इंजिनीअरकडून नकाशा काढून घेतो, हप्त्यांचा हिशोब होतो आणि शिमग्यापर्यंत अर्ज अडकलेला असतो. नकाशा नंतर काढा. जागा गावठाणात आहे की बाहेर, हे आधी बघा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

गावठाण म्हणजे वस्तीची जागा. तिची हद्द महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधल्या कलम १२२ प्रमाणे जिल्हाधिकारी ठरवतात. कोकणात वाड्या विखुरलेल्या, त्यामुळे चार पिढ्या नांदलेलं घरही कागदावर शेतजमिनीत निघू शकतं. आमच्याकडे मोजणी झाली तेव्हा हद्दीची रेघ विहीर आणि न्हाणीघर यांच्या मधून गेलेली दिसली. जुनं घर आत, आणि जिथे नवं बांधायचं होतं ते परस बाहेर. आखणी बदलून घर पाच पावलं पुढे घेतलं, म्हणून निभावलं.

जागा गावठाणात असेल तर परवानगी ग्रामपंचायतीची. २०२१ साली राज्य शासनाने मोठी सवलत दिली: सुमारे ३०० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे ३,२०० चौरस फुटांच्या भूखंडावरच्या घरासाठी नगररचना कार्यालयाच्या मंजुरीची गरज नाही. त्यातही १५० चौरस मीटरपर्यंत मालकीचे कागद, नकाशा आणि तो नियमात बसतो असा वास्तुविशारदाचा किंवा परवानाधारक अभियंत्याचा दाखला सादर करून शुल्क भरायचं. ‘परवानगी लागत नाही’ एवढंच ऐकून कोणी चिरे उतरवायला लागतात. तसं करू नका. कागद दिल्याशिवाय आणि शुल्क भरल्याशिवाय ही सवलत मिळत नाही.

गावठाणाबाहेर मामला तहसील आणि नगररचनेकडे जातो. प्रादेशिक योजनेत तुमचा गट कोणत्या विभागात पडतो याचा झोन दाखला घ्या. हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीसाठी बिनशेतीची (शेतजमीन घरासाठी वापरण्याची) सोपी वाट महसूल कायद्यात आणली गेली, म्हणून मोजणीच्या नकाशावर हे अंतर लिहून घ्या. नवी शेतजमीन घेणार असाल तर लक्षात ठेवा, १९४८ च्या कूळकायद्यातल्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय विकत घेता येत नाही. मुंबईत नोकरी करणाऱ्याचं नाव गावच्या सातबाऱ्यावर असेल तर तो शेतकरीच. ते नाव वेळेवर लावून घ्या.

समुद्राजवळ गाव असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारे नियम. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे २०११ च्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त वस्ती असलेल्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून ५० मीटर, आणि त्याहून विरळ भागात २०० मीटर पट्टा बांधकामाला बंद.

कागदांत सर्वांत जास्त गोंधळ आठ नंबरचा. ‘आठ-अ’ तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी), त्यात तुमच्या खात्यावरची शेतजमीन. ‘नमुना ८’ ग्रामपंचायतीत, त्यात घराची आकारणी. गावठाणातल्या घराला दुसरा लागतो, आणि लोक पहिला घेऊन येतात. घरपट्टीची पावती मालकी सिद्ध करत नाही, हेही सांगायला हवं. ड्रोन सर्वेक्षण झालेल्या गावात मिळकत पत्रिका असते, ती घ्या. बाहेरच्या जमिनीसाठी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. बाकी मोजणीची ‘क’ प्रत (हद्दी दाखवणारा मोजणीचा नकाशा), आधार, घरपट्टी भरल्याची पावती नेहमीचीच.

खरा वेळ खातो तो सहहिस्सेदारांचा कागद. उताऱ्यावर आजोबांचंच नाव असेल तर आधी वारस नोंद करा. मग काका, आत्या, चुलत भावंडं यांची संमतीपत्रं. परळच्या, डोंबिवलीच्या, सुरतेच्या सह्या एकत्र व्हायला गणपतीसारखा मुहूर्त नाही, सगळे एका ओटीवर असतात. आत्यांना विसरू नका. २००५ पासून एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे.

अर्ज दोन प्रतींत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेऊनच एसटी पकडा. माझ्या पहिल्या अर्जाची पोच घेतली नव्हती, दिवाळीत गेलो तर तो सापडेना, आणि सगळे कागद पुन्हा जोडावे लागले.