लॅपटॉपला वायफायची रेंज कमी मिळते? अडॅप्टर घेण्याआधी हे वाचा

वायफायचा अडॅप्टर, म्हणजे लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टला बाहेरून लावायचं वायफाय, मागायला दुकानात आलेल्या प्रत्येकाला आम्ही आधी एकच सांगतो, लॅपटॉप जिथे वापरता तिथेच मोबाईल ठेवून बघा. मोबाईललाही रेंज नसेल तर राउटरच लांब आहे नाहीतर मधे भिंती जास्त आहेत, आधी राउटरची जागा बदलून बघा. मोबाईलला फुल आणि लॅपटॉपलाच कमी असेल, तर मात्र अडॅप्टरचे पैसे बहुतेक वसूल होतात.

लॅपटॉपची अँटेना बहुतेक मॉडेलमधे स्क्रीनच्या कडेला आत असते आणि तिची बारीक वायर बिजागरातून खाली वायफाय कार्डापर्यंत येते. रिपेअरनंतर रेंज अचानक पडली असेल तर ती वायर नीट बसली नसण्याची शक्यता जास्त, आधी ते उघडून बघा, अडॅप्टर लागणारही नाही.

नखाएवढा नॅनो अडॅप्टर रेंजसाठी घेऊ नका असंच आमचं मत आहे, कारण त्यातली अँटेना इवलीशी आणि ती पण लॅपटॉपला चिकटूनच बसते. बाहेर अँटेना असलेला, ड्युअल बँड, म्हणजे वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही फ्रिक्वेन्सींवर चालणारा घ्या. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून जास्त लांब जातं, ५ गिगाहर्ट्झ जवळून जास्त स्पीड देतं. अँटेना उभीच ठेवायची, कारण ती सिग्नल आजूबाजूला आडवा पसरवते, टोकाच्या दिशेला फार कमी जातो. राउटर वरच्या मजल्यावर असेल तर थोडी तिरकी करून बघा.

आणि हे फार जणांना माहीत नसतं, यूएसबी ३.० च्या पोर्टमधून, हार्डडिस्कमधून जो नॉइज निघतो तो २.४ गिगाहर्ट्झलाच त्रास देतो, म्हणून अडॅप्टर थेट पोर्टात न खुपसता मीटरभर एक्स्टेंशन केबल लावून बाजूला, उंचावर ठेवा. मग हळूहळू सरकवत बघा, २.४ च्या लहरीची लांबी साधारण १२ सेंटीमीटर असते त्यामुळे वीतभर हलवलं तरी कधी कधी चांगलाच फरक दिसतो.

फक्त मोठ्या डीबीआयच्या (अँटेना सिग्नल एका दिशेला किती एकवटते त्या मापाच्या) आकड्यावर जाऊ नका, त्याने पॉवर वाढत नाही, आहे तीच एका दिशेला जास्त जाते, शिवाय लॅपटॉपचं बोलणं राउटरपर्यंत परत पोचायला पण लागतं.

अडॅप्टर लावल्यावर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधे लॅपटॉपच्या आतलं वायफाय कार्ड डिसेबल (बंद) करा, नाहीतर विंडोज जुन्याच कार्डावर चालत राहू शकतं आणि वाटतं अडॅप्टरचा काही उपयोगच झाला नाही.