शंभरीआधीच निर्लेखन

तालुक्याच्या गावी पंचायत समितीच्या आवारातली जुनी क्वार्टर्स पाडायला निघाली, की ‘ऐतिहासिक’ हा शब्द कोणाच्याही तोंडी येत नाही. फाइलवर ‘शिकस्त’, म्हणजे मोडकळीला आलेली, असा शेरा पडतो आणि निर्लेखनाचा, म्हणजे इमारत सरकारी नोंदीतून काढून पाडण्याचा, प्रस्ताव पुढे सरकतो. हेमाडपंती देवळाजवळ पुरातत्त्व खात्याचा फलक लागतो. पन्नास-साठच्या दशकांतल्या या इमारतींचं मात्र वयच भरत नाही.

ही अट कायद्यातच आहे. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार स्मारक किमान शंभर वर्षांचं लागतं. अमेरिकेत साधारण पन्नास वर्षं धरतात, पण असामान्य कामाला सूट असते. म्हणून तर वास्तुकार मीस व्हान डेर रोह यांचे शिकागोतले २६ मजली निवासी मनोरे १९५१ मध्ये बांधून झाले आणि १९८० मध्येच ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेले. दिल्लीत उलटं घडलं. वास्तुकार राज रेवाल यांचं १९७२ चं ‘हॉल ऑफ नेशन्स’ हे प्रदर्शन-दालन तिथल्या वारसा समितीच्या साठ वर्षांच्या अटीत बसलं नाही, म्हणून तिने विचारात घेतलं नाही. एप्रिल २०१७ मध्ये ते पाडलं, तेही रात्रीतून.

विदर्भातल्या खेड्यांत तो काळ मनोऱ्यांचा नव्हताच. २ ऑक्टोबर १९५२ ला खेड्यांच्या विकासासाठी सरकारचा सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला तेव्हा आपण जुन्या मध्य प्रदेशात होतो. १९५६ ला द्विभाषिक मुंबईत गेलो, १९६० ला महाराष्ट्रात, आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. राजधानी बदलत राहिली, पण ब्लॉक ऑफिसं, दवाखाने, शाळाखोल्या उठतच होत्या. विटांच्या भिंती, सपाट स्लॅब, सिमेंटची जाळी, ऊन अडवायला लांब छज्जा. देखणं काही नाही, पण नव्या राज्यकारभाराचं गावातलं रूप हेच होतं.

दुखणं स्लॅबमध्ये आहे. गच्चीवर पाणी साचतं, ते सळईपर्यंत झिरपतं. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. आधी छताला तडा, मग खपल्या, मग पोरांना व्हरांड्यात बसवायची वेळ. गांधीजी १९३६ मध्ये सेगावात (आजच्या सेवाग्रामात) आले, त्या काळातली बापू कुटी तर निव्वळ माती-बांबूची. पण मातीचं घर दर वर्षी लिंपावं लागतं, पावसाळ्याआधी कवेलू फेरावे लागतात, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. सिमेंट मात्र एकदा ओतलं की झालं, असंच सगळे धरून चालले.

शिकस्त खोलीत पोरं बसवा, असं कोणीच म्हणणार नाही. पाडायचीच तर पाडा, पण मोजमापं, नकाशा आणि धड उभ्या इमारतीचे चार फोटो तरी फाइलला लावा. प्रस्तावाला जोडतात ते फक्त पडक्या भागाचे.