कॅरेक्टर बनवून घ्यायला येताय? मग फॉर्ममधला तिसरा प्रश्न आधी वाचा

नमस्कार. हे पत्रक काऊन छापलं ते आधी सांगतो. आमच्याकडे दर आठवड्याला कोणी ना कोणी येतं, इंजिनियरिंगची पोरंपोरी असतात, नोकरी सांभाळून रात्री गेम बनवणारे असतात, मागे एक काका तर दहावीतल्या पोराला घेऊन आले होते, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, "भाऊ, आमच्या बॅटल गेमसाठी एक ओरिजिनल कॅरेक्टर पाहिजे, एकदम खतरनाक." आम्ही फॉर्म देतो. त्यात पाच प्रश्न आहेत. चार प्रश्न लोक भरभरून लिहितात, जागा संपली की मागच्या बाजूला लिहितात, हिरोच्या आजोबांचा इतिहास पण लिहितात, आणि तिसरा कोरा सोडतात. तिसरा प्रश्न असा आहे: याला हरवायचं कसं?

कोणी लिहिलंच तर "हरवता येत नाही" असं लिहितं, पुढे हसरा चेहरा.

तुमचे अन् आमचे सगळ्यात जास्त दिवस इथेच वाया जातात, म्हणून जरा लांबण लावतो.

टँक, सपोर्ट, कूलडाउन, अल्टिमेट हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो, तुम्ही आमच्यापेक्षा जास्त खेळता. पण खेळताना तुम्ही एका बाजूला असता, डिझाइन करताना दोन्हीकडे बसावं लागतं. पाच विरुद्ध पाचच्या मॅचमध्ये तुमचा हिरो एकजण घेतो आणि पाच जण त्याच्या समोर असतात. त्या पाचांना काही करताच येत नसेल तर ते तुमच्या हिरोचं कौतुक करत बसणार नाहीत, गेम काढून टाकतील. एकाने हिरो आणला होता, तो अदृश्य होतो, मारताना स्वतःचं रक्त भरतं, टेलिपोर्ट होतो, वरून स्टन पण मारतो, म्हणजे समोरच्याला थोडा वेळ हलताच येत नाही. आम्ही विचारलं त्याला स्टन लागला तर? म्हणे त्याला लागतच नाही. यातली एकेक पॉवर वेगळी घेतली तर काहीच चूक नाही, चूक आहे ती चारही एकाच अंगात भरण्यात. आत घुसणं सोपं ठेवलं तर बाहेर निघणं अवघड पाहिजे, लांबून मारणारा असेल तर जवळ आल्यावर नाजूक पाहिजे. बटनं पण मोजकीच असतात. २००९ ला आलेल्या लीग ऑफ लेजेंड्समध्ये चार अॅबिलिटी अन् एक पॅसिव्ह (बटन न दाबता आपोआप चालणारी पॉवर), आणि मोबाइल लेजेंड्स, जो आपल्याकडे जून २०२० मध्ये बंद झाला, त्यात बहुतेक हिरोंना तीनच अन् एक पॅसिव्ह. एवढ्यात माणूस उभा करायचा आहे.

आता एक चांगलं उदाहरण देतो, ज्यांचं आहे त्यांना विचारूनच सांगून राहिलो. कॉलेजच्या चौघांचा ग्रुप आला होता, त्यांना मारबतीवरून कॅरेक्टर पाहिजे होतं. नागपूरकरांना समजावायची गरज नाही, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत आणि बडगे, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीने निघतात, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत". यांचा बडग्या सपोर्ट होता, साथीदाराला लागलेलं विष, स्लो, आंधळेपणा सगळं स्वतःच्या अंगावर ओढून घेणार. आयडिया झकास. पण ओढून घेतल्यावर त्याला काय होणार? काहीच नाही म्हणे. तिसरा प्रश्न कोराच. अर्धा तास डोकं लावलं, चहा झाला, मग त्यांच्यातलीच एक म्हणाली, "सर, शेवटी जाळतातच ना त्याला." झालं काम. आता प्रत्येक पीडा घेतली की बडग्याच्या पोटात गवताची एक पेंढी वाढते, पाच झाल्या की तो पेटतो, आजूबाजूच्या शत्रूंना चटका बसतो पण पुढचे आठ सेकंद तो स्वतः राखेसारखा हलका, एका फटक्यात जाईल असा. म्हणजे समोरच्यांना दोन रस्ते मिळाले, मुद्दाम बारीक बारीक पीडा फेकून त्याला चुकीच्या जागी पेटवायचं, नाहीतर हात आखडता घेऊन त्याला रिकामाच ठेवायचं. बडग्या खेळणाऱ्यालाही दरवेळी ठरवावं लागतं, आता घेऊ की राहू देऊ. एका उत्तराने सगळी मजा आली.

आणि बघा, त्या उत्तराने चित्र पण बदललं. पोट फुगणार म्हणजे ते समोरच्याला दिसलं पाहिजे, म्हणजे मॉडेल फुगेल असं बनवायला हवं, रिगमध्ये, म्हणजे मॉडेल हलवणाऱ्या आतल्या सांगाड्यात, पोटाची सोय वेगळी करायला हवी, पाच पायऱ्यांचं अॅनिमेशन वेगळं. हेच मॉडेल पूर्ण झाल्यावर सुचलं असतं तर रिगपासून परत. लोकांना वाटतं पॉवर बदलणं म्हणजे एक्सेलमधला आकडा बदलणं आहे. आकडा असेल तर आम्ही फुकट बदलून देतो, कितीही वेळा. पण "आता तो उडतो असं करू" म्हटलं की पायघोळ झगा आडवा येतो, तलवार पंखात घुसते, तीन लोकांचं दोन आठवड्यांचं काम कचऱ्यात. म्हणून मॉडेल सुरू झाल्यावर पॉवर बदलली तर वेगळे पैसे लागतात. काहींना हे आवडत नाही, "एवढं काय त्यात" म्हणतात, त्यांना आम्ही खुर्ची ओढून शेजारी बसवतो अन् काम दाखवतो, मग सहसा बोलत नाहीत.

वेळेचं पण असंच आहे. डोळ्यांनी बघून बोट हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, त्यात नेटचा लॅग. त्यामुळे ज्या फटक्याने अर्धा जीव जातो त्याच्या आधी हिरोने हात मागे घेतलेला निदान अर्धा सेकंद दिसू द्या, ६० फ्रेमच्या गेममध्ये म्हणजे ३० फ्रेम. तुम्हाला बनवताना ते हळू वाटेल. समोरच्याच्या जागी बसून बघा.

दिसण्याबद्दल थोडक्यात. मोबाइलवर हिरो नखाएवढा दिसतो, पट्ट्याच्या बक्कलवरची नक्षी कोणाला दिसणार नाही. आम्ही स्केच एक सेंटिमीटरचं करून पूर्ण काळं भरतो, ओळखू आलं तर पुढे, नाही तर परत. इतवारीच्या गर्दीत मागून पाय उंच करून बघितलं तरी मारबत कळते ना, तसं. व्हॉल्व्ह कंपनीने त्यांच्या डोटा २ या बॅटल गेमसाठी कॅरेक्टर आर्टची गाइड सगळ्यांना खुली ठेवली आहे, त्यातही वरचं अंग उजळ, पाय गडद असंच सांगितलंय, कारण कॅमेरा वरून बघतो. ती एकदा वाचूनच या.

"अमक्या गेममधलाच पाहिजे, फक्त रंग बदला" हे काम आम्ही घेत नाही, कितीही दिले तरी. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तीरंदाज कोणीही काढू शकतो, पण दुसऱ्याचा काढलेला तीरंदाज उचलता येत नाही. आणि काम कोणाकडूनही करून घ्या, हक्क लेखी अन् सहीनिशी घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की कागदावर मुदत लिहिली नसेल तर हक्क पाचच वर्षांसाठी धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते. आमच्या करारात दोन्ही स्पष्ट लिहिलेलं असतं, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

ज्यांचं बजेट कमी आहे त्यांनी आधी आमचं कागदी पॅकेज घ्यावं. दोन दिवस, मॉडेल नाही काही नाही, चौकटीच्या वहीचं पान, कॅरमच्या सोंगट्या, पॉवरच्या चिठ्ठ्या, आणि तुमचा हिरो आमच्या माणसांविरुद्ध वीस मॅच खेळतो. बऱ्याच जणांचा हिरो तिथेच सुधारतो, काहींचा तिथेच मरतो, अन् तेही स्वस्तातच पडतं म्हणा. पुढे पूर्ण काम दिलं तर हे पैसे बिलातून वजा करतो. विद्यार्थ्यांनी आयकार्ड आणलं तर सूट आहे, ग्रुपमध्ये एकाचं चालतं.

येताना फॉर्म भरून आणा. बाकीचे चार प्रश्न इथे बसून भरले तरी चालेल, तिसरा घरून. सकाळी ११ ते ७, रविवार बंद. मारबतीच्या दिवशी पण बंद, त्या दिवशी आम्ही तिघंही इतवारीत असतो.